वसईचा तह आणि सुरक्षिततेचा पेच

राज्यांच्या वर कोणी न्यायाधीश नसतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या बळावरच उभे राहावे, असे आंतरराष्ट्रीय राजकारणातला वास्तववाद मानतो. करार, सामाईक संस्था आणि दिलेला शब्द यांच्या आधाराने भीती कमी करता येते, असे आदर्शवाद मानतो. पहिल्या महायुद्धानंतर वुड्रो विल्सन यांनी राष्ट्रसंघाचा आग्रह धरला तो याच श्रद्धेने; ई. एच. कार यांनी १९३९ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली. १९५० मध्ये जॉन हर्झ यांनी या वादाच्या मुळाशी असलेल्या एका अडचणीला नाव दिले, ते म्हणजे सुरक्षिततेचा पेच. एकाने बचावासाठी फौज वाढवली की शेजाऱ्याला ती चढाईची तयारी वाटते. मग तोही फौज वाढवतो आणि दोघांचीही झोप उडते.

वसईने हा पेच वारंवार पाहिला आहे. हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली. १५३७ मध्ये त्यांच्याशीच झालेल्या झटापटीत दीवजवळ त्याचा अंत झाला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी घाईघाईने तटाबाहेर खंदक खणायला घेतला. मात्र पेच सर्वांत स्पष्ट दिसतो तो १८०२ च्या तहात.

त्या वर्षी २५ ऑक्टोबरला हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा पराभव केला. आदल्या वर्षी यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना पेशव्यांच्या हुकुमाने पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले होते. समेटाची वाट तिथेच जवळजवळ बुजली होती. पेशवा दुसरा बाजीराव कोकणात उतरून वसईला आला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख, आणि ईस्ट इंडिया कंपनीला विचारल्याशिवाय परराज्यांशी बोलणी न करण्याचे बंधन, ही त्यातली मुख्य कलमे. बाजीरावाच्या दृष्टीने हे संरक्षण होते. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले या मराठा सरदारांना मात्र त्यात मराठी राज्याची मान इंग्रजांच्या हाती गेलेली दिसली, आणि ते चुकले नव्हते.

दोघांनी फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ आणल्या. इंग्रजांना ती निजामावरची चाल वाटली. शिवाय शिंद्यांचे कवायती कंपू फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखाली होते आणि फ्रान्सशी इंग्रजांचे वैर होते. १८०३ च्या पावसाळ्यात वाटाघाटी अडल्या त्या एकाच प्रश्नावर: आधी मागे कोणी हटायचे? मराठ्यांचे म्हणणे असे, की आम्ही बऱ्हाणपुराकडे जातो, त्याच दिवशी तुम्ही आपापल्या ठाण्यांवर परत जा. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला यात धोका दिसला: इंग्रजी फौज मुंबई, मद्रास, श्रीरंगपट्टणपर्यंत पांगणार आणि मराठे सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर राहणार. अविश्वासाने पछाडलेल्या दोन बाजूंना ‘एकाच दिवशी माघार’ हे शब्दही सारख्या अर्थाचे वाटत नाहीत. नद्या भरल्या की मराठ्यांचे घोडदळ अडते, हा हिशेबही वेलस्लीच्या मनात होता. ऑगस्टमध्ये त्याने युद्ध पुकारले आणि १२ तारखेला अहमदनगरचा किल्ला घेतला. पुढे असई, अडगाव, गाविलगड इथेही मराठे हरले. डिसेंबरअखेर भोसले आणि शिंदे दोघांनीही तह केले.

तरी सगळा दोष पेचावर ढकलणे अन्यायाचे होईल. पेच खरा ठरतो तो दोन्ही बाजूंना केवळ सुरक्षितता हवी असते तेव्हा. आर्थरचा थोरला भाऊ, गव्हर्नर जनरल वेलस्ली, याला मात्र वर्चस्व हवे होते. १८०४ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश मंत्री कॅसलरे यांनीही या तहावर आक्षेप घेतला: त्यामुळे कंपनी मराठ्यांच्या न संपणाऱ्या भांडणांत ओढली जाईल.

आदर्शवादाची बाजूही इथे पूर्ण हरलेली नाही. १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध हेच सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र लढले होते. त्यांची भांडणे मिटवणारा नाना फडणवीस १८०० मध्ये गेला, आणि त्याच्या जागी उभी राहील अशी कोणतीही संस्था मराठी राज्यात उरली नव्हती.