एकशे एकावे युनिट

बारामती-इंदापूर पट्ट्यातील शेळगावसारख्या गावात एकाच कुटुंबाच्या नावे विजेची दोन बिले असणे नवलाचे नाही. एक विहिरीवरील वा बोअरवरील कृषिपंपाचे आणि दुसरे राहत्या घराचे. दोन्ही एकाच महावितरण कंपनीची असली तरी त्यांचा हिशेब अगदी वेगळा असतो. कित्येक कृषिपंपांची आकारणी मोटारीच्या अश्वशक्तीवर होत आली असून, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य शासनाने २०२४ मध्ये मोफत वीज देऊ केली. घरचे बिल मात्र मीटरवरील युनिटांवर, टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या दराने आकारले जाते आणि ते दरमहा भरावेच लागते. त्यामुळे ज्या घरात पंपाच्या बिलाची चर्चा वर्षानुवर्षे होते, त्याच घरात स्वयंपाकघरातील दिवे-फ्रीजचे बिल फक्त शेवटची रक्कम पाहून भरले जाते, ही स्थिती बदलण्यासारखी आहे. कारण हे बिल ताडून पाहण्यास बेरीज-गुणाकारापलीकडे काहीही लागत नाही.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाले, तेव्हापासून वितरणाचे काम महावितरणकडे आहे आणि इंदापूर तालुका तिच्या बारामती परिमंडलात येतो. विजेचे दर मात्र कंपनी स्वतः ठरवत नाही. कंपनीचा प्रस्ताव आणि त्यावरील जनसुनावणी यांनंतर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ते मंजूर करतो.

बिलाचा पाया म्हणजे युनिट. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, म्हणजेच एक किलोवॅट-तास, वीज खर्च होते. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट संपवतो, तर नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला तेवढ्यासाठी सुमारे १११ तास लागतात. ७५ वॅटचा जुना पंखा रोज दहा तास फिरला तर महिन्याला साडेबावीस युनिटे लागतात आणि तीसेक वॅटचा नवा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळेत नऊ युनिटांत भागवतो. घरात या क्षणी किती वीज ओढली जात आहे, हेही मीटरसमोर उभे राहून मोजता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती स्पंदने, हा आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल आणि एका मिनिटात दिवा सोळा वेळा लुकलुकला, तर तासाला ९६० स्पंदने, म्हणजे ३०० वॅटचा भार चालू आहे असे समजावे. मग एकेक बटण बंद करीत गेले की कोणते उपकरण किती खाते ते आपोआप कळते.

बिल हाती आल्यावर रकमेच्या आधी चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि त्या दोहोंच्या तारखा पाहाव्यात. दोन रीडिंगमधील फरकाला गुणक अवयवाने गुणले की एकूण वापर मिळतो. घरगुती जोडणीत हा अवयव सहसा १ असतो. मीटरवरील आकडा आणि बिलावरील चालू रीडिंग यांचा मेळ बसतो का, हे पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. तारखांना विशेष महत्त्व आहे, कारण दराचे टप्पे महिन्याच्या हिशेबाने आखलेले असतात आणि रीडिंग लांबले की टप्पेही त्या प्रमाणात वाढवून धरावे लागतात.

या टप्प्यांनाच बोलीभाषेत स्लॅब म्हणतात. घरगुती ग्राहकांसाठी पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत, दुसरा १०१ ते ३००, तिसरा ३०१ ते ५०० आणि चौथा त्यापुढचा असतो. आकडेमोडीसाठी २०२३-२४ चे दर घेऊ. दर पुढे बदलले तरी रीत तीच राहते. त्या वर्षी वीज आकार पहिल्या टप्प्यास युनिटमागे ४.४१ रुपये आणि दुसऱ्यास ९.६४ रुपये होता, तारांमधून वीज वाहून आणण्याचा वहन आकार सर्वच युनिटांवर १.१७ रुपये होता आणि सिंगल फेज जोडणीचा स्थिर आकार, म्हणजे एकही युनिट न वापरता द्यावी लागणारी रक्कम, महिन्याला ११६ रुपये होता. एखाद्या घरात १५० युनिटे वापरली गेली, तर पहिल्या शंभरांचे ४४१ आणि पुढच्या पन्नासांचे ४८२ मिळून वीज आकार ९२३ रुपये होतो. त्यात वहन आकाराचे १७५.५० आणि स्थिर आकाराचे ११६ मिळवले की १,२१४.५० रुपये भरतात. यावर राज्य शासनाचे १६ टक्के वीज शुल्क १९४.३२ रुपये लागते आणि एकूण बिल १,४०८.८२ रुपये होते. याखेरीज इंधन व वीजखरेदीचा खर्च अपेक्षेपेक्षा कमी-जास्त झाल्यास इंधन समायोजन आकार येतो. तो या उदाहरणात शून्य धरला आहे.

शंभराचा आकडा ओलांडला की सगळीच युनिटे महाग दराने लागतात, हा समज फार पसरलेला असला तरी तो चुकीचा आहे. पहिली शंभर युनिटे स्वस्तच राहतात आणि चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. तरीही शंभरावी पायरी जाचक आहे, हे खरे. याच दरांनी १०० युनिटांचे बिल ७८१.८४ रुपये होते, म्हणजे पुढच्या केवळ पन्नास युनिटांनी ६२६.९८ रुपये वाढवले. शुल्क धरून शंभरावे युनिट ६.४७ रुपयांना पडते आणि एकशे एकावे १२.५४ रुपयांना. बचतीचे मोल म्हणूनच सर्व घरांत सारखे नसते: ऐंशी युनिटे वापरणाऱ्या घरात वाचलेल्या पाच युनिटांपेक्षा एकशे तीस वापरणाऱ्या घरात वाचलेली पाच युनिटे जवळजवळ दुप्पट पैसे राखतात.

टप्पे आणि कालावधी यांचे नाते सर्व महाराष्ट्राला २०२० च्या उन्हाळ्यात कळले. टाळेबंदीमुळे २३ मार्चपासून मीटर रीडिंग थांबले, लोकांना आधीच्या महिन्यांच्या, म्हणजे मुख्यतः हिवाळ्याच्या, सरासरीने बिले गेली आणि १ एप्रिलपासून नवे दरही लागू झाले. जूनमध्ये रीडिंग पुन्हा सुरू झाले तेव्हा घरात बसून काढलेल्या उन्हाळ्याचा सारा साचलेला वापर एकाच बिलात उतरला आणि राज्यभर संताप उसळला. अशा बिलात तपासण्याची मुख्य गोष्ट एकच होती: एकूण युनिटे महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याला टप्प्यांचा लाभ दिला आहे की नाही. वर घेतलेल्या दरांनीच पाहिले तर तीन महिन्यांची ३०० युनिटे दरमहा शंभर धरल्यास वीज आकार १,३२३ रुपये होतो आणि तीच एका महिन्याच्या माथी मारल्यास २,३६९. फरक १,०४६ रुपयांचा, शिवाय त्यावरील शुल्क वेगळे. महावितरणने तेव्हा विभागणी करूनच बिले दिल्याचे सांगितले होते, पण लाखो ग्राहकांना ती पडताळण्याची रीतच ठाऊक नव्हती, याची खंत वाटते. दाराला कुलूप असल्याने किंवा मीटर बिघडल्याने सरासरी बिल येते, तेव्हा आजही हाच हिशेब करावा.

काही रकमा त्या महिन्याच्या वापराच्या नसतात. मागील थकबाकी आणि तिच्यावरील व्याज वेगळे दाखवलेले असते. वार्षिक सरासरी वापर वाढला की अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे स्वतंत्र बिल येते, ज्याला पुष्कळजण दरवाढ समजतात, पण ही ठेव ग्राहकाच्याच नावे जमा राहते आणि तिच्यावर व्याजही मिळते. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ (२) नुसार देय झाल्यापासून दोन वर्षांत न मागितलेली रक्कम, ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसल्यास, पुढे वसूल करता येत नाही.

हिशेब जुळला नाही तर प्रथम स्थानिक वितरण कार्यालयाकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तेथे दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, अशी वाट याच कायद्याने दिली आहे. अर्जासोबत बारा अंकी ग्राहक क्रमांक, वादातील बिल आणि मीटरचा तारखेसह काढलेला फोटो जोडावा. ज्या घरात महिन्याच्या ठरावीक दिवशी कॅलेंडरवरच रीडिंग लिहून ठेवण्याची सवय असते, त्या घराला मागच्या वर्षभराचा आकडा शोधायला कोठेही जावे लागत नाही.