एका औषधाची दहा वर्षं

मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीजवळच्या एका घरी आम्ही मागच्या महिन्यात गेलो होतो. थोरली मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तिला प्रयोगशाळेत संशोधन करायचं आहे. अब्बांचं म्हणणं वेगळं. "बी.एड. कर, नोकरी लागेल. लॅबमध्ये दहा-दहा वर्षं काढून हाती काय येतं?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही त्यांना दहा वर्षांचाच एक हिशेब सांगितला.

डॉ. राहुल पुरवार 2013 मध्ये मुंबईच्या आयआयटीत रुजू झाले. त्याआधी जर्मनीत पीएच.डी. आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये संशोधन. त्यांचा विषय टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी शरीराच्या राखणदार. कर्करोगाच्या पेशी आपल्याच शरीरात जन्मतात, त्यामुळं राखणदाराला त्या सहसा परक्या वाटत नाहीत. उपाय असा, की रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांत एक नवं जनुक घालायचं, त्या वाढवायच्या आणि सलाइनसारख्या परत शरीरात सोडायच्या. मग त्यांना बी-पेशींवरची 'सीडी 19' ही खूण ओळखता येते. अब्बा खासबागेच्या कुस्त्यांचे जुने शौकीन. म्हणाले, "म्हणजे पैलवान आपलाच, डाव नवा शिकवायचा!" याहून सोपं आम्हालाही सांगता आलं नसतं.

अमेरिकेत हा उपचार 2017 पासून मिळतो, पण खर्च कोटींत. पुरवारांनी तो इथंच घडवायचं ठरवलं. सोबत टाटा स्मारक केंद्राचे डॉक्टर आणि पीएच.डी.चे विद्यार्थी होते. त्यांत अलका द्विवेदी ही विद्यार्थिनीही होती. (हे नाव ऐकून मुलीनं अब्बांकडं पाहिलं.) 2018 मध्ये इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली. जून 2021 मध्ये पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये 'नेक्सकार 19' ला सरकारी मंजुरी मिळाली.

इथं एक खबरदारी सांगायला हवी. हे औषध प्रत्येक कर्करोगावरचं नाही. बी-पेशींचा रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोग आधीच्या उपचारांना दाद देत नसेल किंवा उलटला असेल, तेव्हाच ते देतात. तेही 15 वर्षांवरील रुग्णांना. चाचण्यांत सुमारे 73 टक्के रुग्णांना गुण आला. सगळ्यांना नाही. ताप आणि रक्तपेशी कमी होणं हे त्रासही होतात. किंमत अमेरिकेच्या जवळपास एक-दशांश, तरी ती लाखांतच. पेठेतल्या घराला ती झेपणारी नाही, हे आम्ही लपवलं नाही.

"आणि शिकताना पैसे?" अम्मीनं मुद्द्यालाच हात घातला. शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. करून सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा दिली आणि त्यात जेआरएफ मिळाली, तर सुरुवातीला महिना 37 हजार रुपये विद्यावेतन आहे. हा आकडा ऐकून अब्बा गप्प झाले. होकार त्यांनी अजून दिलेला नाही. निघताना मात्र अम्मीनं हळूच विचारलं, मुंबईच्या आयआयटीत मुलींना राहायची सोय आहे का. आहे, असं आम्ही सांगितलं.