अठ्ठेचाळीस तासांची चित्रपटशाळा

भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजेच इफ्फी, २००४ पासून गोव्यात भरत आहे. त्यात २०२१ साली ‘७५ क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमॉरो’ हा उपक्रम सुरू झाला. पस्तीस वर्षांखालील नवोदितांची निवड येथे शुल्कावर नव्हे, तर त्यांच्या कामावरून होते आणि जाणत्या कलावंतांचे मार्गदर्शन त्यांना लाभते. महोत्सवाचे त्रेपन्नावे वर्ष असल्याने २०२२ मध्ये पाच गटांना ५३ तासांत एकेक लघुपट पूर्ण करण्यास सांगण्यात आले. पुढील वर्षी ही मुदत ४८ तासांवर आली.

एवढ्या अपुऱ्या वेळात पटकथा, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण आणि संकलन, म्हणजे चित्रित तुकड्यांची निवड व जोडणी, ही कामे परस्परांवर किती अवलंबून असतात ते कळते. दृश्य संपले की ध्वनिमुद्रक सर्वांना गप्प करून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा-एक मिनिट मुद्रित करून घेतो. यालाच ‘रूम टोन’ म्हणतात. तो घेण्याचे राहून गेले, तर संकलनाच्या वेळी दोन तुकड्यांमधील सांधा कानाला खटकतो. अशी शिस्त पुस्तकातून येत नाही, ती चित्रीकरणस्थळीच अंगी बाणते.

तथापि कामावरून निवड व्हायची, तर आधी काहीतरी करून दाखवलेले असावे लागते आणि गोव्याच्याच पेडणे-डिचोली तालुक्यांतील होतकरू मुलामुलींची अडचण नेमकी इथे आहे. पेडण्याला दशावताराची परंपरा आहे. या नाट्यप्रकारात संहिता लिहिलेली नसते. आख्यान, म्हणजे रात्रीच्या खेळाचे पौराणिक कथानक, तेवढे ठरते आणि पेटी, मृदंग व झांजेच्या साथीने नट संवाद जागीच रचतात. प्रसंग उभा करण्याची ही हातोटी पटकथाकाराला मोलाची आहे. विषयांचीही वाण नाही: २०१२ मध्ये थांबलेल्या खाणींमुळे डिचोलीत झालेली उलथापालथ आणि मोपा विमानतळाने पालटलेले पेडणे हे दोन्ही तेथील तरुणांनी जवळून पाहिले आहे. उणीव आहे ती कॅमेरा, ध्वनिमुद्रणाची साधने आणि हात धरून शिकवणारा माणूस यांची.

डिचोली तालुक्यात साखळीचे रवींद्र भवन आहे, पेडण्यात विर्नोड्याचे शासकीय महाविद्यालय आहे. महोत्सवाच्या आठवड्यावर विसंबून न राहता, या दोन ठिकाणी दरवर्षी किमान महिनाभराचे विनामूल्य वर्ग शासनाने सुरू करावेत.