मानेतली गाठ, नाकामागचा कॅन्सर आणि ‘एचएलए’ : धोका जनुकांतच लिहिलेला असतो का?

नागपूर : मानेत गाठ आली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. तो अनेकदा खराही ठरतो. पण औषधे घेऊनही गाठ कमी होत नसेल, एकच कान सतत बंद वाटत असेल, नाक शिंकरताना रक्त येत असेल, तर गांधीबागेजवळच्या मेयो रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाची ओपीडी गाठायला उशीर करू नये. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात होणारा ‘नेझोफॅरिंजियल’ कॅन्सर बऱ्याचदा मानेतल्या गाठीमुळेच लक्षात येतो.

महाराष्ट्रात हा कॅन्सर दुर्मीळ आहे. देशात त्याचे प्रमाण नागालँडमध्ये सर्वाधिक, तर जगात दक्षिण चीनमध्ये मोठे आहे. असे का, याचे एक उत्तर ‘एचएलए’ जनुकांत सापडते.

किडनी किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या वेळी जुळवतात तेच हे एचएलए. ही जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांच्यापासून बनलेली प्रथिने पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडतात. गांधीबागेतला कापडवाला ठाणातला नमुना दुकानाबाहेर टांगतो, तसेच. टी-पेशी तो नमुना तपासतात. विषाणूचा निघाला, तर त्या पेशीचा निकाल लावतात.

या कॅन्सरशी एपस्टाईन-बार विषाणूचा संबंध आहे. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना या विषाणूची लागण झालेली असते, कॅन्सर मात्र मोजक्यांना होतो. १९७४ मध्ये सिंगापूरच्या चिनी रुग्णांत एचएलएशी असलेला संबंध दिसला. पुढे, चिनी लोकसंख्येत ‘ए*०२:०७’ प्रकार असणाऱ्यांना धोका जास्त आणि ‘ए*११:०१’ असणाऱ्यांना कमी, असे आढळले. विषाणूचा नमुना नीट मांडला जात नसावा, हा त्यामागचा तर्क. अर्थात, सारा दोष जनुकांचा नाही. दक्षिण चीनमध्ये लहानपणापासून खाल्ली जाणारी खारवलेली मासळीही कारणीभूत ठरते.

मग एचएलए टेस्ट करून घ्यावी? त्यासाठी पैसे घालवू नयेत. धोक्याचा प्रकार असलेल्या बहुसंख्यांना हा कॅन्सर होत नाही आणि तो प्रकार नसलेल्यांनाही होऊ शकतो. निदान एंडोस्कोपी आणि बायोप्सीनेच होते. (खर्ऱ्याने होणारा तोंडाचा कॅन्सर वेगळा, त्याचा धोका कळायला जनुकांच्या रिपोर्टची गरज नाही.)

सुरुवातीच्या टप्प्यात सापडला, तर हा कॅन्सर बहुतेकदा केवळ रेडिओथेरपीने आटोक्यात येतो. नागपुरात तुकडोजी पुतळा चौकाजवळच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात ती सोय आहे.