डागाचे पाच गुण

बत्तीस वर्षे मी अंबाजोगाईच्या एका शाळेत चित्रकला शिकवली. त्या बत्तीस वर्षांत कागदावर डाग पाडल्याबद्दल किती मुलांचे गुण कापले, याचा हिशेब आता चित्रगुप्तापाशीच असेल. माझा नियम साधा होता. रेघ एका हाताची हवी आणि कागद निर्मळ हवा. तळव्याचा घाम लागून पेन्सिल पसरली, की पाच गुण वजा! एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसणारी मुले पाठीमागे मला ‘पाच गुण’ याच नावाने ओळखत असत, हे मला निवृत्त झाल्यावर कळले.

निवृत्तीनंतर जनावरे काढायची, असे मी मनाशी योजले होते. शाळेत घागर, फुलदाणी, पेरू आणि केळी यांपलीकडे जाता आले नाही. ती बिचारी हलत नाहीत. बैल हलतो, शेळी तर क्षणभर उभी राहत नाही. ‘सवड मिळाली की बघू’ असे म्हणता म्हणता सवड मिळाली, आणि तिसऱ्याच वर्षी माझा हात हलू लागला. आधी चहाची कपबशी वाजू लागली, मग पेन्सिल बिघडली. डॉक्टर म्हणाले, “घाबरू नका, वयाचा कंप आहे. जिवाला काही धोका नाही.” त्यांचे खरे होते. पण बैलाच्या पाठीची रेघ काढायला घ्यावी, तर ती करवतीच्या दात्यांसारखी होई. मी वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. सौभाग्यवती यावर काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून चहा तेवढा कपबशीऐवजी पेल्यातून येऊ लागला.

माझी नात पुण्याला चित्रकला शिकते. गेल्या उन्हाळ्यात ती सुटीला आली आणि माळ्यावरच्या वह्या तिने शोधून काढल्या. तिला मी कारण सांगितले. ती म्हणाली, “आजोबा, काढताना रेघ दिसलीच नाही, तर?”

मला वाटले, पोरगी थट्टा करते आहे. तशी ती नव्हती. तिच्या पिशवीत काळ्या तैलरंगाची एक ट्यूब होती.

आपल्या घरातल्या बायका उशीच्या अभ्र्यावर कार्बन पेपरने नक्षी उतरवतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ही रीत त्याच घराण्यातली, फक्त कार्बन आपणच घरी तयार करायचा. एका गुळगुळीत कागदावर काळ्या तैलरंगाचा पातळ थर द्यायचा. त्यावर कोरा कागद हलकेच ठेवायचा आणि वरून टोकदार पेन्सिलीने चित्र काढायचे. जिथे दाब पडेल तिथे खालचा रंग कागदाच्या पोटाला चिकटतो. काढणाऱ्याला वर दिसते ती पेन्सिलीची पुसट रेघ. खरे चित्र खाली, आपल्याकडे पाठ करून जमत असते. कागद उचलल्याशिवाय काय झाले ते कळत नाही. उचलावा, तर रेघ अशी मऊ आणि लवदार, जणू तिला केस फुटले आहेत!

ही रीत आम्हाला अपरिचित असली, तरी तिचे कूळ जुने आहे. सतराव्या शतकात इटलीतल्या जिनोआ शहरी कास्तिल्योने नावाचा चित्रकार होऊन गेला. मेंढरांचे, गुरांचे कळप काढण्यात त्याचा हातखंडा होता. पत्र्यावर शाईने चित्र काढून त्याचा एकुलता एक ठसा कागदावर घ्यायची युक्ती १६४०च्या दशकात त्यानेच प्रथम रूढ केली, असे मानतात. पुढे १८९९च्या सुमारास ताहिती बेटावर राहणाऱ्या गोगँ या फ्रेंच चित्रकाराने पत्र्याला फाटा दिला आणि मी वर सांगितली तशी, शाई लावलेल्या कागदाची रीत काढली. त्यानंतर वीसेक वर्षांनी पॉल क्ली या चित्रकाराने तिच्यात एक फरक केला. तो फरक काय, ते मी नंतर सांगणार आहे. कारण मलाही तो नंतरच कळला, आणि तोही भर बाजारात.

हाताला सवय व्हावी म्हणून आधी न हलणारी जनावरे हवी होती. आमच्या अंबाजोगाईत ती आहेत. गावाजवळच कातळात कोरलेली लेणी आहेत. जाणकार त्यांना शिवलेणी म्हणतात, गावकरी म्हणतात हत्तीखाना. कारण तिथे दगडात घडवलेले भले मोठे हत्ती उभे आहेत. शतकानुशतकांच्या उन्हापावसाने त्यांची अंगे झिजली आहेत. आजोबा आणि नात सकाळच्या उन्हाआधी तिथे जाऊन बसू लागलो.

पहिल्या दिवशी रंग फार ओला होता. कागद उचलला, तर हत्तीच्या जागी अमावास्या! दुसऱ्या दिवशी मी रंग लावून कागद रात्रभर ठेवला. मराठवाड्याचा वैशाख तो! सकाळी रंग वाळून कडक झाला होता. दीड तास पेन्सिल चालवूनही कागद कोरा तो कोराच. तिसऱ्या दिवशी नातीने रंगावर जुने वर्तमानपत्र दाबून जास्तीचा रंग टिपून घेतला. बोट लावले तर चिकटावे, पण माखू नये, अशी अवस्था साधली. गुळाच्या पाकाची पारख असणाऱ्या गृहिणीला हे एका क्षणात समजेल. मला तीन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशीचा कागद उचलला आणि मी गप्प झालो. हत्तीच्या पाठीची रेघ थरथरलेली होतीच. पण ती माझ्या हाताची थरथर वाटत नव्हती. झिजलेल्या दगडाची कड जशी खडबडीत असते, तशी ती दिसत होती. शिवाय रेघ दिसत नसल्यामुळे मी कागदाकडे पाहतच नव्हतो. बत्तीस वर्षे मुलांना ‘वस्तूकडे बघा’ म्हणून ओरडलो आणि स्वतः मात्र कागदाकडे बघत आलो, हे मला त्या हत्तींनी शिकवले.

खोड एकच होती. मी तळवा टेकवून काढतो. जिथे तळवा टेकला, तिथे करडे डाग उठले होते. सवयीने मी म्हणालो, “पाच गुण वजा.” नात हसली. नातीची सुटी संपली, ती पुण्याला गेली. ट्यूब मात्र ठेवून गेली.

पावसाळाभर मी दारातली शेळी काढली. उस्मानाबादी जातीची, काळी कुळकुळीत. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, शेळीचे अजून उस्मानाबादीच आहे. पोळा झाला आणि एके दिवशी धीर करून, केजवरून एस.टी.ने मी नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात गेलो.

ऊसतोडीला कारखान्यावर जायचे दिवस जवळ आले, की आमच्या बीड जिल्ह्यात बैलांची घेणीदेणी सुरू होते. ट्रॅक्टर आले तरी गाडी घेऊन जाणारे अजून आहेत. बाजाराच्या एका कडेला, बाभळीखाली, एक लाल कंधारी बैल बांधलेला होता. गर्द तांबडा, मोठ्या डोळ्यांचा. मी समोर बसलो आणि मांडीवरच्या फळीवर कागद मांडले. अर्ध्या तासाने कागद उचलला. बरा उतरला होता. मागे बैलाचा मालक कधी येऊन उभा राहिला, ते मला कळले नाही.

“काय करायलाव, गुर्जी?”

“तुमचा बैल काढतोय.”

त्याने वाकून बराच वेळ पाहिले. “ह्यो माझा न्हाई.”

“का हो?”

“माझ्याचं डावं शिंग टोकाला मोडलंय. ह्याचं उजवं मोडकं हाय.”

मी समोर पाहिले, कागदाकडे पाहिले आणि ओशाळलो. चित्र कागदाच्या पोटाला उठते, म्हणून उलटल्यावर सारे आरशातल्यासारखे होते! हत्तीखान्यातल्या हत्तींनी कधी तक्रार केली नव्हती. क्लीने केलेला फरक तो नेमका हाच. रंगाचा कागद त्याने पालथा केला. खाली कोरा कागद, मधे रंग खाली असलेला कागद आणि वरून रेघ. मग चित्र सुलटे उतरते. त्याचे ‘किलबिलणारे यंत्र’ हे १९२२चे पक्ष्यांचे चित्र याच रीतीचे, वर जलरंग दिलेले, आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. नातीने मला हे सांगितले होते. मी कानाआड केले होते.

“बसा,” मी म्हणालो, “पुन्हा काढतो.”

तो बसला आणि आपणहून बोलू लागला. बैल जोडीत नेहमी डाव्या अंगाला चाललेला. जोडीदार आषाढात गेला. एकट्या बैलावर कारखान्याची गाडी चालत नाही, आणि दुसरा घ्यायला पैसा नाही. म्हणून हा बाजार. तो बोलत होता, बैल माशा उडवत होता, आणि मी बैलावरची नजर न काढता हात चालवत होतो. सौदा झाला असावा. कोणीतरी हाक मारली. मी घाईने कागद उचलला.

डावे शिंग मोडके होते. पण घाईत तळवा नेमका मानेवर टेकला होता आणि तिथे मोठा करडा डाग पडला होता. मी खिन्न होऊन म्हणालो, “हा डाग पडला बघा. नासला.”

“डाग कामून म्हणताव?” तो म्हणाला, “जुवाचा घट्टा हाय त्यो. आठ वर्सांचा.”

मी उठून बैलाजवळ गेलो. खरेच, मानेवर जिथे जू बसते तिथे कातडी घट्ट, राखाडी झाली होती. मी ती पाहिलीच नव्हती. माझ्या तळव्याने न बघता ती काढली होती.

चित्र मी त्यालाच दिले. रंग वाळायला दिवस लागतील, आठवडाभर हात लावू नका, असे बजावले. बैल नव्या मालकाच्या कासऱ्याने गेला. हा एका खांद्यावर रिकामे दावे आणि दोन बोटांत तो कागद धरून रस्त्याकडे निघाला. कागदाच्या कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उठलेला मला दिसला. मी काही बोललो नाही.

माझ्या वह्या आता माळ्यावरून खाली आल्या आहेत. चहा मात्र अजून पेल्यातूनच येतो.