जुन्या शालेय वार्तापत्रांतून दिसणारी आपली शाळा

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीमुळे वाढलेले गाव. अशा बदलीच्या गावी येणारी कुटुंबे सामानासोबत दूरच्या शाळेच्या आठवणीही आणतात. एखाद्या ट्रंकेच्या तळाशी कॅथलिक हायस्कूलचे वार्तापत्र वा वार्षिक अंक असेल, तर तो रद्दीत देण्यापूर्वी नीट वाचावा.

वाचताना प्रथम वर्ष पाहावे. मुंबईच्या शाळेचा अंक १९६४ च्या अखेरचा असेल, तर त्याच डिसेंबरात पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषदेसाठी या शहरात आले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीच्या (१९६२-६५) छायाचित्रांतील वेदीसेवक मिस्सामध्ये लॅटिन भाषेत उत्तरे देत. पुढच्या पिढीने ती लोकभाषेत दिली. १९७५ पूर्वीचा शालान्त निकाल अकरावीचा, नंतरचा दहावीचा. एवढे ध्यानी घेतले की कोरडी यादीही बोलू लागते.

मग नावे वाचावीत. १८६९ मध्ये येशूसंघीयांनी सुरू केलेल्या मुंबईच्या सेंट झेवियर्स हायस्कूलचे सुनील गावसकर हे विद्यार्थी. आपल्या शाळा केवळ कॅथलिकांच्या नव्हत्या. धर्मशिक्षण आणि नीतिशिक्षण यांचे तास वेगळे, मैदान मात्र एकच.

शेवटी, जे छापलेले नाही तेही शोधावे. शालेय अंकावर शिक्षकांची नजर असते. त्यामुळे बक्षिसे, निकाल आणि स्नेहसंमेलने आवर्जून छापली जातात. छडी खाणारा, फी भरता न आल्याने शाळा सोडणारा, इंग्रजी न जमल्याने मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा त्यात क्वचितच दिसतो. अंकातील गौरव खोटा नसतो, पण अपुरा असतो. शाळा चालविणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनीही हे नम्रपणे मान्य केले पाहिजे.

तो मुलगा ज्येष्ठांच्या आठवणीत आहे. म्हणून अंक त्यांच्याशेजारी बसून वाचावा, छायाचित्रातील नावे विचारून वहीत उतरवावीत. कोकणातील पावसाळा आणि वाळवी कागदाला फार काळ टिकू देत नाहीत. पानांना चिकटपट्टी लावू नये, अंक कोरड्या जागी ठेवावा आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून घ्यावे.

पाच हजारांना भोजन दिल्यावर प्रभूने उरलेले तुकडेही गोळा करावयास सांगितले. आपल्या शाळांच्या इतिहासाचे तुकडे असेच घरोघरी विखुरलेले आहेत. ज्यांची नावे छापली गेली नाहीत, त्यांच्यासाठीही ते गोळा करू या.