अ‍ॅनिमे मागवा, पण हिशेबाने!

१९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेला मोगली मुळात जपानी होता, हे ऑफिसातल्या सीनियर मंडळींना एकदा सांगून बघा. निम्मे तरी उडतील! पुढे २००४ मध्ये अ‍ॅनिमॅक्स चॅनल आलं आणि २०१७ मध्ये ते भारतातून गेलंही. २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ आपल्या मल्टिप्लेक्समध्ये लागला आणि ‘अ‍ॅनिमे म्हणजे पोरांचं कार्टून’ हा समज बराच ढिला झाला. आता तर लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर हवी ती मालिका बघता येते. मग परदेशातून डिस्क मागवून कपाटात मांडायची हौस कशासाठी?

उत्तर एका तारखेत आहे. २ एप्रिल २०२४. त्या दिवशी अमेरिकेतली फनिमेशन ही स्ट्रीमिंग सेवा बंद झाली. या कंपनीच्या डिस्कच्या बॉक्समध्ये बऱ्याचदा एक कोड मिळायचा. तो टाकला की तीच मालिका ऑनलाइनही तुमची. सेवा क्रंचीरोलमध्ये विलीन झाली, पण या डिजिटल कॉपीज काही तिकडे गेल्या नाहीत. ज्यांच्या कपाटात डिस्क होती ते निवांत. बाकीच्यांच्या हाती काय उरलं? ईमेलमधली पावती!

दुसरा किस्सा ‘इव्हँजेलियन’चा. अमेरिकेत तिच्या डीव्हीडी काढणारी एडीव्ही फिल्म्स २००९ मध्ये गुंडाळली गेली आणि जुने सेट दुर्मीळ झाले. २०१९ मध्ये मालिका नेटफ्लिक्सवर आली, २०२१ मध्ये अमेरिकेत ब्लू-रेही निघाली. पण प्रत्येक भागाच्या शेवटी वाजणारं ‘फ्लाय मी टू द मून’ दोन्हींतून गायब! ते हवं असेल तर जुनी डीव्हीडी नाहीतर जपानी डिस्क शोधायची. तर दोस्तहो, हौसेला कारण आहे. फक्त खिशाला भोक पडू नये, एवढंच बघायचं.

आधी कोड, मग कार्ट

स्वस्त दिसली म्हणून लगेच ‘बाय’ दाबू नका. डिस्कला देशाचं कुलूप असतं. डीव्हीडीत अमेरिका रीजन १, जपान आणि ब्रिटन २, ऑस्ट्रेलिया ४ आणि आपण ५. ब्लू-रेत हिशेब वेगळा : अमेरिका आणि जपान दोघंही ए, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया बी, आपण सी. सगळ्याच डिस्क कुलूपबंद नसतात, त्यामुळे वर्णनात ‘ऑल रीजन’ किंवा ‘ए, बी, सी’ लिहिलंय का ते बघा. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला तर रीजनची भानगडच नाही.

लॅपटॉपला बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा. त्याचा रीजन साधारण पाचदाच बदलता येतो, नंतर तो शेवटच्या रीजनवर कायमचा अडकतो. दहा सेट घ्यायचा विचार असेल तर आधी मल्टी-रीजन प्लेअरमध्ये पैसे घाला. तीच तुमची पहिली बचत!

कुठल्या देशातून?

जपान म्हणजे अ‍ॅनिमेचं माहेर, पण नवी जपानी डिस्क चांगलीच महाग. एका डिस्कवर दोन-तीन भाग आणि किंमत सहा-सात हजार येन, हे तिथे नेहमीचं. त्यातून बहुतेक मालिकांना इंग्रजी सबटायटल्स नसतात. स्टुडिओ घिबलीच्या सिनेमांच्या जपानी डिस्कवर मात्र ते बहुतेक वेळा सापडतात. जपानची खरी मजा सेकंडहँड मालात आहे. मांदाराके, सुरुगाया अशी दुकानं वस्तूची अवस्था नीट लिहून विकतात. आणि तिथले शौकीन बॉक्सवरची ‘ओबी’ म्हणजे कागदी पट्टीसुद्धा जपून ठेवतात! जी दुकानं थेट परदेशी पाठवत नाहीत, त्यांच्यासाठी झेनमार्केट, बायी यांसारखे मध्यस्थ आहेत. ते तुमच्या वतीने खरेदी करतात आणि चार दुकानांचा माल एका खोक्यात भरून देतात.

इंग्रजी सबटायटल्ससह अख्खी मालिका एका बॉक्समध्ये हवी, तर अमेरिका. जुन्या मालिकांचे शौकीन असाल तर डिस्कोटेक मीडियाचे सेट बघा. ही कंपनी साध्या दर्जाचे पुष्कळ भाग एकाच ब्लू-रेवर बसवते. ब्रिटनचे सेट घेताना चेकआउटपर्यंत जाऊन बघा. तिथल्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो आणि काही दुकानं परदेशी गिऱ्हाइकाला तो वजा करून देतात.

थांबायचं, पण किती?

अ‍ॅनिमेच्या डिस्कचा एक ठरलेला प्रवास असतो. आधी येतो आर्टबुक, पोस्टकार्डवाला चकाचक लिमिटेड बॉक्स. मग साधी आवृत्ती. आणि मालिका बऱ्यापैकी खपली तर वर्षा-दोन वर्षांनी स्वस्त आवृत्ती. भाग तेच, चित्र तेच, फक्त पुठ्ठ्याचा थाट कमी. तुम्हाला मालिका बघायचीय की मिरवायचीय, हे आधी ठरवा. नोव्हेंबरअखेरचा ब्लॅक फ्रायडे आणि नाताळ हा सेलचा हंगाम, तोपर्यंत विशलिस्ट तयार ठेवा.

पण फार ताणूही नका. परदेशी कंपनीकडे मालिकेचे हक्क ठरावीक वर्षांसाठीच असतात. ते संपले की छपाई बंद आणि उरलेल्या प्रतींचे भाव आभाळाला! कंपन्याच बंद पडतात ते वेगळंच. जिनिऑनने २००७ मध्ये अमेरिकेतलं दुकान आवरलं, बंदाई एंटरटेनमेंटने २०१२ मध्ये नवं काही काढणं थांबवलं. १९८७ पासून चालत आलेलं राइट स्टफ हे शौकिनांचं लाडकं दुकान क्रंचीरोलने २०२२ मध्ये घेतलं आणि २०२३ मध्ये ते नावही मिटलं. वर्णनात ‘आउट ऑफ प्रिंट’ दिसायला लागलं की घासाघीस सोडा.

स्क्रीनवरचा आकडा खोटा!

म्हणजे अपुरा. कस्टम ड्यूटी फक्त डिस्कच्या किमतीवर लागत नाही. टपालखर्च आणि विमा धरून जी रक्कम होते, तिच्यावर लागते. दर बजेटमध्ये बदलत असतात, म्हणून ऑर्डरआधी सरकारी वेबसाइटवर तपासा. समजण्यापुरता दर ४० टक्के धरू. ३,००० रुपयांची एक डिस्क, टपाल १,२००. ड्यूटी १,६८० आणि एकूण ५,८८०. आता तशाच चार डिस्क एकत्र मागवा. टपाल समजा २,०००. ड्यूटी ५,६०० आणि एकूण १९,६००, म्हणजे डिस्कमागे ४,९००. जवळजवळ हजार रुपये वाचले! म्हणून एकट्याने मागवू नका. ऑफिसातले तीन अ‍ॅनिमेवेडे गाठा आणि एकच खोकं मागवा.

कार्डवर बँकेचा साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर जीएसटी असू शकतो, तोही धरा. साइट ‘रुपयांत पैसे भरा’ म्हणाली तर शक्यतो नको म्हणा, तिचा विनिमय दर बहुधा महागच पडतो. आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू केलाय ना, ते आधी बघा.

सगळ्यात स्वस्त मार्ग? न्यू जर्सीची मावसबहीण! तिच्या पत्त्यावर मागवा, दिवाळीला येताना बॅगेत. प्रवाशाला ठरावीक मर्यादेपर्यंत सामानावर ड्यूटी लागत नाही. फक्त मावशीचे चितळे आणि बाकरवडीचे डबे परतीच्या बॅगेत बसवायची जबाबदारी तुमची.

फारच स्वस्त? मग नकली!

शंभर-दीडशे भाग, दोन-चार डिस्क, भाव मातीमोल आणि वर ‘रीजन ऑल’ असं दिसलं तर लांब राहा. मुखपृष्ठावर इंग्रजीच्या चुका, हक्क असलेल्या कंपनीचं नाव नाही, सबटायटल्समध्ये पात्रांची नावं दर भागात वेगळी, हा पायरेटेड मालच. ज्यांनी रात्र रात्र जागून चित्रं काढली, त्यांना यातला छदामही मिळत नाही, आणि कस्टममध्ये पार्सल अडकलं तर तुमचेही पैसे गेले. शंका आली तर त्या आवृत्तीचं नाव खऱ्या कंपनीच्या यादीत शोधा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि हो, पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. डिस्क तडकलेली निघाली तर दुकानाकडे पैसे परत मागताना तोच कामी येतो. सगळं ठीक असेल तर शनिवारी त्या तीन भागीदारांना घरी बोलवा. वडापाव त्यांचा!